बांगड्यांसकट

दुकानातल्या सगळ्या गाळण्या एकाच माणसानं उचलल्या, तर बाकीच्यांनी चहा काय पदरानं गाळायचा?

हे मी भवानी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात उभी राहून चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं. विचारू नये तर काय करू? दुपारी मला बघायला पाहुणे यायचे होते. घरातली जुनी गाळणी नेमकी त्याच सकाळी फाटली, आणि अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मला पिटाळलं, "महानंदा, पळत जा आणि पळत ये." मी पळत आले, तर दुकानदार म्हणतो, संपल्या. ते काय, त्यांनी घेतल्या.

ते म्हणजे दुकानाच्या पायरीवर बसलेला एक तरुण. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मांडीवर गाळण्यांचा ढीग. आणि काय करत होता तो? हातात पक्कड घेऊन एकेका नव्याकोऱ्या गाळणीची दांडी मोडत होता. कट्... बाजूला ठेव. कट्... बाजूला ठेव.

"अहो, दिवसाला किती चहा पिता तुम्ही?"

त्यानं वर पाहिलं. "मी? मी च्या पीतच न्हाय."

"मग या कशाला?"

"माईकला लागत्यात."

माईक मला ठाऊक होता. आमच्या गल्लीतल्या मठाच्या उत्सवात लाऊडस्पीकरवाला आणतो तो चकचकीत दांडा. त्यात चहाची गाळणी कुठून आली? मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय.

"मला एक गाळणी हवी आहे. दांडीसकट."

त्यानं घाईघाईनं ढीग उपसला. त्याचा चेहरा उतरला. "दांडीची एक बी ऱ्हायली न्हाय की वो... ही घ्या. हिची जाळी लई बारीक हाय."

त्यानं ती इतक्या सरळ मनानं पुढं केली की माझ्या रागाला टेकायला जागाच उरली नाही. म्हणून मी आणखी रागावले. पण गाळणी घेतली.

दुपारी व्हायचं ते झालं. पाहुण्यांसमोर चहा ओतताना बिनदांडीची गाळणी तापली, बोटं भाजली, गाळणी कपात पडली, आणि चहाचे शिंतोडे मुलाच्या आईच्या इरकली लुगड्यावर. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी तापट वाटते. मी त्या बाईंशी एक अक्षरही बोलले नव्हते. चटका मला बसला आणि तापट मीच.

*

त्याचा पत्ता शोधावा लागला नाही. आमच्या गल्लीत सगळं ठाऊक असणाऱ्या शांतम्मा काकूंनी तो न विचारता सांगितला. जोतीराम नाव. मूळचा करमाळ्याकडचा, होटगीला रेल्वेत तारा-सिग्नलच्या कामावर. मठामागच्या बोळात खोली घेऊन राहतो आणि सुट्टीच्या दिवशी ओट्यावर डबे ठोकत बसतो.

मी गेले तेव्हा तो खरंच ओट्यावर डबे घेऊन बसला होता. पावडरचे रिकामे डबे. आषाढातलं ढगाळ ऊन होतं, आणि त्या गंजक्या डब्यांना अजून गुलाबाचा वास येत होता.

"तुमच्या गाळणीनं माझं लग्न मोडलं," मी म्हटलं.

त्याच्या हातातला डबा गडगडत गटारापर्यंत गेला. "आयला... म्हंजी... कवा हुतं लगीन?"

"ठरायचं होतं."

"मुलगा चांगला हुता?"

हा काय प्रश्न झाला? मी जरा विचार केला. "पाय हलवत बसला होता सारखा."

"मग बरंच झालं की," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावून खाली बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी जायला हवं होतं. पण त्या डब्याचं काय करतात हे कळल्याशिवाय जाणं म्हणजे अर्धं भांडण टाकून जाणं. त्यानं दाखवलं. मोडक्या ट्रान्झिस्टरमधला तळहाताएवढा स्पीकर. तो डब्याच्या तोंडाशी बसवायचा. आत चादरीच्या कारखान्यातलं रद्दी सूत ठासायचं, म्हणजे डबा स्वतः घुमत नाही. पुढं गाळणीची जाळी, मागून वायर. झाला माईक.

"पण स्पीकर तर बोलतो," मी म्हटलं.

"जे बोलतंय त्याला ऐकायला बी येतं. उलटी वायर जोडायची फकस्त."

"माणसांना नाही जमत ते."

तो हसला. पहिल्यांदाच. समोरच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट होती त्याच्या. हे मला त्या वेळी लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं.

विकतचा माईक त्याला परवडत नव्हता, आणि गाणं तर टिपायचं होतं. करमाळ्याला कमळाभवानीच्या देवळात एक म्हातारा गोंधळी होता, तो वारला. "त्याची एक चाल मला येती असं वाटायचं," जोतीराम म्हणाला, "पर दरसाली ती येगळीच आठवती. आता खरी कुटली ती कुनाला इचारू?" म्हणून जुन्या बाजारातून बॅटरीवर चालणारा एक टेपरेकॉर्डर त्यानं आणला होता, फिरत्या चकत्यांचा, एक बटण तुटलेला. "ऐकता का?"

त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावला. केसांना हात लागू नये म्हणून इतका जपून, की तो आधी कानाऐवजी गालावरच बसला. चकती फिरली. आधी खरखर... मग टाळ... मग एक आवाज. उंच, जाडसर, शेवटच्या अक्षरावर किंचित थरथरणारा.

माझी अव्वा गात होती. सोमवारचं बायकांचं भजन. मागून मीही.

मी हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. "कुणाला विचारून घेतलंत हे?"

"मठाच्या मागच्या खिडकीत डबा ठिवला हुता... लई ग्वाड म्हनत्यात मावशी, म्हनून—"

"गोड आहे म्हणून उचलायचं? उद्या आमच्या अंगणातली कर्दळ गोड दिसली तर तीही न्याल. पुसून टाका."

मला वाटलं, तो वाद घालील. मी तयारीत होते. त्यानं एक क्षण माझ्याकडं पाहिलं, चकती मागं फिरवली आणि बटण दाबलं. चकती फिरत राहिली, आणि माझ्या आईचं गाणं पुसलं गेलं.

"चुकलं माजं," तो म्हणाला. "इचारायला पायजे हुतं."

घरी येऊन मी हे अव्वाला अभिमानानं सांगितलं. ती जोंधळ्याचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"पुसलं?"

"मग काय. मी सोडते की काय."

"मला ऐकायचं होतं की गं," अव्वा म्हणाली. "मी कशी गाते, मला कुठं ठाऊक आहे?"

*

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्या ओट्यापुढं जाऊन उभं राहावं लागलं. आता रागवायला काही उरलं नव्हतं, आणि रागाशिवाय त्या माणसाशी बोलायचं कसं ते मला येत नव्हतं.

"काल सांगितलं म्हणून लगेच पुसायचं?" मी म्हटलं.

तो चक्रावला. "तुमीच म्हनला की."

"माणूस रागात काय वाट्टेल ते म्हणतं. जरा थांबायचं, म्हणायचं, विचार करा."

"म्या थांबलो असतो तर तुमी आनखी रागावला असता."

"असते. पण गाणं राहिलं असतं."

यावर तो डोकं खाजवत राहिला. मग हळूच विचारलं, "मावशी परत गातील का? आता रीतसर इचारतो."

अशा रीतीनं जोतीराम आमच्या घरी येऊ लागला. अप्पा, माझे वडील नागप्पा, दिवसभर किराणा दुकानात असत. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो डबे घेऊन येई, अव्वाला समोर बसवी, आणि डबा कधी दारावर, कधी खिडकीत, कधी चक्क दळणाच्या टोपलीवर ठेवून बघे. अव्वा कानडीत पद म्हणायची, त्याला त्यातलं अवाक्षर कळत नसे.

"मग डोळे मिटून काय ऐकता?" मी विचारलं.

"अर्थ न्हाय कळला की आवाजच ऐकू येतो निस्ता. तुमी बोलता तवा बी मी तसंच करतो."

"म्हणजे मी बोलते ते तुम्ही ऐकतच नाही?"

"आवाज ऐकतो की... शब्द जरा तिखट असत्यात."

अव्वा तोंडाला पदर लावून आत गेली. मी टाळ जोरात खाली ठेवले. पण त्या दिवशी रात्रीच्या भाकरीला मीठ घालायचं मी विसरले, आणि तो दोष मात्र कुणावर टाकावा हे मला सुचलं नाही.

*

श्रावणात मठाचा उत्सव. पुरुषांचं भजन सकाळी आणि संध्याकाळी, भाड्याच्या माईकवर, चौकापर्यंत ऐकू जाईल असं. बायकांचं भजन दुपारी, मांडवाच्या कोपऱ्यात, माईक बंद. वर्षानुवर्षं हेच. लाऊडस्पीकरवाला त्या वेळी जेवायला जातो, असं सांगायचे. मी आणि शांतम्मा काकू त्या वर्षी समितीपुढं गेलो. धुळाप्पा समितीचे प्रमुख. पांढरं धोतर, सोन्याची साखळी, बोलताना समोरच्याकडं न बघायची सवय.

"फक्त अर्धा तास माईक चालू ठेवा," मी म्हटलं. "लाऊडस्पीकरवाल्याचं ताट आम्ही वाढून ठेवतो."

धुळाप्पा शेजारच्यांकडं बघून म्हणाले, "बायकांपुढं माईक ठेवला की गाणं ऐकूच येत नाही. नुसत्या बांगड्या वाजतात. बांगड्या काढून बसणार असतील तर सांगा, देतो."

सगळी समिती हसली.

शांतम्मा काकू साठीच्या. कपाळाला विभूती आणि ठसठशीत कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. त्यांनी एकदा आपल्या हातांकडं पाहिलं. चारचौघांत सवाष्णीला बांगड्या काढायला सांगायचं, आणि वर हसायचं. मी मात्र धुळाप्पांकडं बघत नव्हते. मी समितीत शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडं बघत होते. ते हसले नव्हते. पण बोललेही नव्हते. ते माझे अप्पा होते.

घरी मी त्यांना विचारलं, "तुमच्या बायकोच्या बांगड्यांबद्दल बोलत होते ते. ऐकलंत ना?"

"समितीत बसलं की चार माणसांसारखं वागावं लागतं," अप्पा म्हणाले.

"चारांतला एकही माणसासारखा वागला नाही."

अव्वानं मला गप्प केलं. मग ती म्हणाली, "यंदा मी गाणार नाही," आणि भांडी घासायला बसली. तिच्या बांगड्या भांड्यांवर वाजत होत्या. त्या आवाजानं मला रडू फुटलं, रागानंच.

मी सगळं जोतीरामला सांगितलं. तो कधी नव्हे तो काम टाकून ऐकत होता. त्याच्या हातातली वायर त्यानं इतकी पिळली की ती तुटली.

"बांगड्या वाजू द्यात की," तो म्हणाला. "त्या बी गान्यातच हायत. त्यो माईक तोंडाजवळचं तेवडंच ऐकतो, म्हनून हातातल्या बांगड्या मोठ्या वाजत्यात. आपन डबा वर टांगू. तीन डबे टांगू. गळा, टाळ, बांगड्या, समदं एका लांबीवरनं ऐकू यील."

"आणि भोंगा?"

त्यानं आमच्या कोनाड्यातल्या मोठ्या रेडिओकडं बोट दाखवलं. अशा जुन्या रेडिओच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. माईकची वायर तिथं दिली की रेडिओतूनच गाणं येतं. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा रेडिओ असा किंचाळला की बोळातली कुत्री गळा काढून साथ देऊ लागली. माईकनं रेडिओ ऐकला, रेडिओनं माईक, दोघं एकमेकांवर ओरडत बसले.

"आपल्यासारखेच," मी म्हटलं.

"दोघांत भिंत घालाय लागती," तो म्हणाला. मग वायर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता, "पर म्हनून भिंत कायमची न्हाय घालायची..."

अव्वाला गायला राजी मी केलं नाही. शांतम्मा काकूंनी केलं. त्या उत्सवाच्या आदल्या दिवशी येऊन म्हणाल्या, "पार्वती, मी कासाराकडून आणखी चार भरून आलेय. आता न वाजवता घरी बसू काय?"

*

उत्सवाच्या दुपारी भुरभुर पाऊस होता. मांडवाचं कापड ओलं होऊन खाली आलं होतं. जोतीरामनं आडव्या बांबूला तीन डबे टांगले होते, आमचा रेडिओ मठाच्या बाहेरच्या पायरीवर ठेवला होता, आणि टेपरेकॉर्डर आपल्या रेनकोटाखाली झाकून तो खांबाशी बसला होता. अव्वानं पद उचललं. पहिल्या ओळीलाच रस्त्यावरची माणसं थांबली. मी मांडवातून बघत होते. छत्र्या वळत होत्या. आमच्याकडं.

दुसऱ्या कडव्याला रेडिओ बंद पडला.

धुळाप्पांनी स्वतः येऊन पिन काढली होती. "मठाच्या विजेवर खाजगी रेडिओ चालणार नाही," ते म्हणाले. त्यांच्याबरोबरच्या एकानं वायर हिसकली, त्यासरशी मधला डबा सुटला आणि लोंबकळला. टाळ थांबले. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना, माझ्या.

अव्वानं डोळे मिटले आणि तिसरं कडवं सुरू केलं. विजेशिवाय, भोंग्याशिवाय, होता तेवढ्या गळ्यानं. शांतम्मा काकूंनी दोन्ही हात वर करून टाळी दिली, बांगड्या सणसणल्या, आणि मग सगळ्याच जणी.

तेव्हा मला जोतीराम दिसला. पडता डबा त्यानं झेलला होता. बांधायला वेळ नव्हता, म्हणून तो हातानंच डोक्यावर धरून आमच्या मधोमध उभा राहिला होता. टेपरेकॉर्डर बॅटरीवर होता, तो फिरत होता. रेनकोट त्यावर टाकलेला, आणि हा भिजत होता. एक कडवं झालं, दुसरं झालं. त्याचा हात थरथरायला लागला. बाहीतून पाण्याचा ओघळ कोपरावर येऊन थेंब थेंब पडत होता. त्यानं दात आवळले, हात खाली आणला नाही, आणि एकदाच, एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी गात राहिले. काय गात होते ते मला आता आठवत नाही.

संध्याकाळी आमच्या घरी रेडिओला टेप जोडली. खिडक्या उघड्या टाकल्या. गल्ली गोळा झाली. अव्वा भिंतीशी पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती, आणि स्वतःचा आवाज ऐकत होती. बांगड्या इतक्या नेमक्या पडत होत्या की जणू कुणी मुद्दाम बसवलेलं वाद्य.

अप्पा दुकानातून आले. दारात थांबले, चपला हातातच.

"कोण गातंय हे?" त्यांनी विचारलं. "फार चांगला गळा आहे. कुठली बाई?"

अव्वा त्यांच्याकडं बघत म्हणाली, "मीच."

इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसानं बायकोचं गाणं ऐकलं नव्हतं. दुपारी ते दुकानात असत. बायकांचं भजन दुपारी असे. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्यांचा चेहरा बघून मी तो गिळला. अप्पा चपला हातात घेऊनच खाली बसले आणि टेप संपेपर्यंत उठले नाहीत.

समितीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी बांगड्यांचा विषय काढला. पुन्हा हशा झाला. अप्पा उठून घरी आले ते परत त्या समितीत गेले नाहीत. धुळाप्पांनी त्या वर्षीही माफी मागितली नाही, पुढंही नाही. बायकांचं भजन आमच्या अंगणात येऊन बसलं, ते तिथंच राहिलं. हे मी आज सांगतानाही माझा आवाज चढतो. चढू दे.

*

आता कुणाला वाटेल, अप्पा सुधारले. बायकोचा गळा ओळखायला शिकलेल्या माणसाला मुलीचं मन ओळखता येतंच असं नाही.

दोन-तीन सुट्ट्या जोतीराम आला नाही. मग त्याच्या खोलीमालकाकडून अव्वाकडं एक पिशवी आली. तिन्ही डबे आणि ती टेप. मी अव्वाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. अप्पांनी त्याला दुकानात बोलावून हात जोडले होते. "तुम्ही चांगले आहात, पण आमच्यात मुलीला बाहेर देत नाहीत. लोक बोलायला लागलेत. येणं बंद करा." आणि हा 'बरं' म्हणाला होता. वर कुर्डुवाडीला बदली मागून बसला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटी होटगीला गेले. डब्यात माझ्याशेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कुणाकडं निघालीस? मी म्हटलं, भांडायला.

तो फलाटाच्या टोकाला खांबावर चढून तारेचं काम करत होता.

"खाली उतरा," मी म्हटलं.

तो उतरला. हाताला काळं ग्रीस. मला बघून तो हात पाठीमागं लपवायला लागला. दिव्यांच्या खोलीतून रेल्वेतला एक म्हातारा खलाशी चहाचा पेला घेऊन बाहेर आला आणि आमच्याकडं पाठ करून, कान आमच्याकडं देऊन उभा राहिला.

"बरं म्हणालात तुम्ही?"

"तुमच्या अप्पांनी हात जोडलं वो. मोटं मानूस. मी काय बोलनार?"

"धुळाप्पांनी वायर ओढली तेव्हा डबा सोडलात का?"

"न्हाय."

"हात दुखत होता ना?"

"लई दुकत हुता."

"तरी धरलात. मग मलाच का सोडलंत?"

तो फलाटाच्या फरशीकडं बघायला लागला. रुळांवर ऊन चमकत होतं. लांब कुठंतरी इंजिन सुस्कारे टाकत होतं. मला एकाएकी वाटलं, आपण चुकलो, याच्या मनात काही नसेलच... गालावर हेडफोन लावणारा हात, पावसातली ती नजर, सगळे माझ्याच मनाचे खेळ. आणि तेवढ्यात तो म्हणाला,

"मला तुमी लई आवडता."

खलाशाच्या पेल्यातला चहा हिंदकळला.

"रागावता तवा बी," जोतीराम म्हणाला. "न रागावलेल्या अजून फार बघितल्या न्हायत, पर त्या बी आवडतील असं वाटतंय. मला वाटलं, तुमच्या घरात भांडन लागंल माज्यापायी. तुमी एवड्या भांडता, आनखी किती भांडशीला..."

"भांडायला मी कधी थकले आहे?" मी म्हटलं. "पण एकटीनं भांडायचा कंटाळा आलाय."

त्यानं पाठीमागचा हात पुढं आणला. ग्रीसनं काळा झालेला. तो पुसायला काही मिळेना, म्हणून नुसता हवेत धरून राहिला. मीच तो धरला. माझ्या तळहातावर त्याची पाच बोटं उमटली.

"बदली रद्द करा," मी म्हटलं.

"आजच अर्ज मागं घेतो."

"आणि रविवारी घरी या."

"अप्पा काय म्हंतील?"

"नाही म्हणतील. तुम्हीही म्हणायला शिका."

*

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. अप्पा झोपाळ्यावर बसले होते. मी आणि अव्वा स्वयंपाकघराच्या दाराआड.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, येणं बंद करा," अप्पा म्हणाले.

"न्हाय," जोतीराम म्हणाला. "म्हंजी, सांगितलं हुतं खरं. पर मी येनं बंद करनार न्हाय. महानंदाला इचारलंय. तिचं हो हाय. तुमचं हो व्हस्तवर मी दर आयतवारी यीन आन् हितं बसंन. तुमी बोलला न्हाईत तरी चालंल."

अप्पा बोलले नाहीतच. तो तासभर बसला आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. लोक बोलायचे ते बोलले. धुळाप्पांनी तर दुकानात येऊन अप्पांना चार शब्द ऐकवले. त्या रात्री अव्वा अप्पांना कानडीत एवढंच म्हणाली, "तो माणूस भिजत उभा होता तेव्हा तुम्ही दुकानात बसला होता." अप्पा कूस बदलून झोपले.

श्रावण गेला, नवरात्र गेलं. कार्तिकातल्या थंडीत जोतीराम कानाला मफलर गुंडाळून येऊ लागला. अप्पा आता त्याच्यासमोर वर्तमानपत्र वाचत, आणि एखादी बातमी मोठ्यानं वाचत. त्याला उद्देशून नाही, असंच.

मग एका रविवारी तो आलाच नाही.

नेहमीची वेळ टळली. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. दाराशी जाऊन बोळाकडं बघितलं. परत येऊन बसले. झोपाळा करकरत होता. जेवणाची वेळ झाली तरी ते पानावर बसेनात.

"याला काही रीत आहे का?" शेवटी ते उसळले. "येणार नसेल तर निरोप नको द्यायला? वेळेची किंमत नाही, शब्दाची किंमत नाही. असा माणूस जावई म्हणून मिरवायचा मी चार लोकांत?"

आत अव्वाच्या हातातली पळी पातेल्यात पडली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. झोपाळा एकदम थांबला होता. आपण काय बोललो ते अप्पांच्या कानावर आत्ताच पडलं असावं.

दिवेलागणीला जोतीराम धापा टाकत आला. होटगीजवळ तार तुटली होती, सकाळपासून गाड्या अडकल्या होत्या, अंगावर कामाचेच कपडे. दारातच अप्पांनी त्याला गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. निरोप का नाही दिला, घरात माणसं उपाशी बसतात हे कळत नाही का, हात बघा कसे झालेत, मोरीत साबण आहे. तो गरीब बिचारा 'चुकलं, चुकलं' म्हणत उभा, काय घडलंय याचा त्याला पत्ताच नाही. मी त्याला काही सांगितलं नाही. अप्पांचा आवाज बाहेर चढत होता, आणि मी आत जाऊन त्यांच्या पाटाशेजारी आणखी एक पाट मांडला.